ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यातील खनिजे व जीवनसत्त्वे : वाढ, मांसाचे गुण आणि आपली जबाबदारी

पवनेच्या काठी वसलेले पिंपळे सौदागर हे एकेकाळचे शेतीचे गाव. आज तेथे उंच गृहसंकुले उभी आहेत आणि प्रत्येक चौकात एखादे तरी चिकन सेंटर आहे. या परिसरातील वैद्यांसमोर दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला रुग्णाचा: “ग्रंथात कोंबडीचे मांस बल्य सांगितले आहे, मग रोज चिकन खाल्ले तर काय बिघडले?” दुसरा प्रश्न आपल्या औषधनिर्मात्या बंधूंसमोर येतो. मावळ, मुळशी, खेड भागातील कुक्कुटपालक विचारतात: “रासायनिक मिनरल मिक्श्चरऐवजी वनस्पतींचे काही देता येईल का?”

दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. ब्रॉयलर कोंबडी काय खाते, त्या खाद्यातील सूक्ष्म घटक तिच्या शरीरात कोणते कार्य करतात आणि त्यांपैकी काय मांसात उतरते, हे समजल्याखेरीज दोहोंपैकी एकाचेही उत्तर देता येणार नाही.

संहितांची दृष्टी

आचार्य चरकांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात विष्किर वर्गात कुक्कुटाचा समावेश केला असून त्याचे मांस स्निग्ध, उष्ण, वृष्य, बृंहण, बल्य व वातहर सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी रानातील व गावातील कोंबडा असा भेद करून गावातील कोंबडा अधिक गुरु मानला आहे. एकाच जातीच्या पक्ष्याचे मांस त्याच्या राहणीप्रमाणे बदलते, हे तत्त्व येथेच स्पष्ट होते.

याच अध्यायाच्या अखेरीस आहारद्रव्याची परीक्षा कोणकोणत्या अंगांनी करावी हे चरकांनी सांगितले आहे. त्यात ‘चर’ म्हणजे प्राणी कोठे वावरतो व काय खातो, ‘क्रिया’ म्हणजे तो किती हालचाल करतो, तसेच शरीरावयव, संस्कार व मात्रा यांचा समावेश होतो. कोणते मांस टाळावे हे सांगताना अतिमेदयुक्त, अतिवृद्ध व अतिबाल प्राण्यांसोबत ‘अगोचरभृत’, म्हणजे स्वतःच्या नैसर्गिक वावराच्या क्षेत्राबाहेर पोसलेल्या प्राण्याचाही उल्लेख आहे.

हे शब्द वाचताना आजचा ब्रॉयलर पक्षी डोळ्यांसमोर येतो. तो पाच-सहा आठवड्यांचा असतो, भाताच्या तुसावर बंद शेडमध्ये वाढतो, फारसा चालत नाही आणि गिरणीतून आलेल्या खाद्याखेरीज काहीही खात नाही. किडा, मुंगी, कोवळा पाला, ऊन, माती यांतील काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणजे त्याचा ‘चर’ खाद्याच्या पोत्यात सामावलेला आहे. म्हणून ते पोते उघडून पाहणे हे आपल्या शास्त्राला धरूनच आहे.

वाढ कशामुळे होते?

ब्रॉयलरला संप्रेरकाची इंजेक्शने देऊन फुगवले जाते, असा समज सर्वदूर आहे. तो खरा नाही. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असल्याने खाद्यातून दिल्यास पचून नष्ट होते आणि हजारो पक्ष्यांना वारंवार टोचत बसणे कोणाला परवडणारेही नाही. वाढीचे खरे कारण वंशनिवड होय. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १९५७, १९७८ व २००५ या काळांतील वंशांचे पक्षी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १८०८ व ४२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच होते, बदलले होते ते बीज.

महाराष्ट्रात या बदलाचे केंद्र पुणे परिसर राहिला आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेला वेंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योगसमूह पुण्यातूनच विस्तारला आणि ‘वेनकॉब’ हे नाव खेडोपाडीच्या शेडपर्यंत पोहोचले. आज आपल्याकडील पक्षी साधारण पस्तीस ते चाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो.

मग खनिजे व जीवनसत्त्वे काय करतात? ती वाढ निर्माण करीत नाहीत, वाढीला वाट मोकळी करून देतात. बीज वेग ठरवते, मका व सोयापेंड ऊर्जा व प्रथिने पुरवतात. परंतु त्या वेगाने हाडे, कंडरा, रक्त व पाचकस्राव तयार होण्यासाठी सूक्ष्म घटकांचा पुरवठाही त्याच वेगाने व्हावा लागतो. चाळीस ग्रॅमचे पिलू पाच-सहा आठवड्यांत पन्नास पट वाढते, म्हणून उणिवेचा परिणाम माणसात जितक्या महिन्यांत दिसेल तितक्या दिवसांत येथे दिसतो. गरजेपेक्षा अधिक दिल्याने मात्र पन्नासाचे साठ पट होत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवली तर पुढील बरेच गैरसमज टळतील.

कोंबडीच्या पिलाने शिकवलेले शास्त्र

जीवनसत्त्वांचे शास्त्र बऱ्याच अंशी कोंबडीनेच उलगडले आहे. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन यांना १८९० च्या दशकात असे आढळले की, पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या बऱ्या होतात. त्यातून पुढे थायमिनचा, म्हणजे ब-१ चा शोध लागला. कोपनहेगन येथे हेन्रिक डाम यांना स्नेहरहित खाद्यावरील पिलांमध्ये रक्तस्राव दिसला आणि क जीवनसत्त्वाहून वेगळे असे रक्त गोठवणारे ‘के’ जीवनसत्त्व हाती आले. आइकमन यांना १९२९ चे व डाम यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पूर्वी पिलांच्या खाद्यात मासळीचा चुरा नसेल तर वाढ खुंटत असे. या अज्ञात ‘प्राणिज प्रथिन घटका’चा शोध १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्वापाशी पोहोचला. त्यानंतर लवकरच अमेरिकेत असे दिसून आले की, क्लोरटेट्रासायक्लिन तयार करताना उरणारा किण्वनाचा चोथा पिलांना दिल्यास केवळ ब-१२ ने होईल त्याहून अधिक वाढ होते. कारण त्यात प्रतिजैविकाचा अंश होता. येथूनच जीवनसत्त्वाच्या मागोमाग प्रतिजैविक खाद्यात शिरले.

आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली ती माणसांचे प्राण वाचवण्यासाठी. तीच औषधे पुढे जगभर पशुखाद्यात वाढीसाठी वापरली गेली आणि त्यांना दाद न देणारे जंतू वाढत गेले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके खाद्यातून हद्दपार केली. भारत सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिनचा अन्नोत्पादक पशुपक्ष्यांतील वापर बंद केला. ही पोकळी भरण्यासाठी वनस्पतिज द्रव्यांची मागणी वाढली असून आपल्या निर्मात्यांसाठी ती संधी आहे तशीच कसोटीही आहे.

प्रमुख खनिजे

कॅल्शियम व स्फुरद : अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यानुसार पहिल्या तीन आठवड्यांच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्का व उपलब्ध स्फुरद ०.४५ टक्का असावे. मका व सोयापेंड यांतील स्फुरदापैकी सुमारे दोन तृतीयांश फायटेट स्वरूपात बांधलेले असते आणि पक्ष्याला ते फारसे पचत नाही. म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट किंवा फायटेज हे विकर मिसळावे लागते. येथे शिंपल्याच्या चुऱ्याविषयी सावधगिरी हवी. शुक्ती, शंख व कुक्कुटाण्डत्वक् ही सर्व मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असून त्यांत स्फुरद नगण्य असते. अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी शिंपला लागतो, ब्रॉयलरला तो त्या प्रमाणात दिल्यास स्फुरद, जस्त व मँगनीज यांचे शोषण घटते आणि ‘हाडांसाठी’ दिलेल्या द्रव्यानेच पाय अधू होतात.

मँगनीज : याच्या उणिवेत घोट्याचा सांधा सुजतो, पोटरीची कंडरा खोबणीतून निसटते व पाय बाजूला वळतो. हा विकार मँगनीजने टळतो हे १९३० च्या दशकात सिद्ध झाले. वरील तक्त्यातील किमान गरज किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. मक्यात ते फार कमी असते.

जस्त : किमान गरज ४० मिलिग्रॅम. उणिवेत पिसे विस्कटलेली, त्वचा खरखरीत व हाडे आखूड राहतात. महाराष्ट्रातील पुष्कळ जमिनींत जस्ताची कमतरता आहे, त्यात फायटेटची भर पडते. त्यामुळे केवळ धान्यावर ही गरज भागत नाही.

ताम्र : गरज फक्त ८ मिलिग्रॅम आहे. तथापि १२५ ते २५० मिलिग्रॅम मात्रेत ते जंतुनाशक म्हणून वाढीसाठी वापरले गेले आहे. मोरचूद म्हणजे आपले तुत्थ. अशोधित तुत्थाचे दोष आपल्याला शिकवावे लागत नाहीत. अधिक मात्रेत पेषणीचे अस्तर झिजते आणि न पचलेले ताम्र विष्ठेतून शेतात जाऊन साठते.

सेलेनियम : गरज अवघी ०.१५ मिलिग्रॅम. ई जीवनसत्त्वासह ते पेशींच्या आवरणाचे रक्षण करते. दोहोंच्या अभावी त्वचेखाली हिरवट निळसर द्रव साचतो व स्नायूंत पांढऱ्या रेघा दिसतात. हितकर व घातक मात्रेतील अंतर कमी असल्याने याचे मिश्रण हाताने, अंदाजाने कधीही करू नये.

सोमलाचा धडाही विसरता कामा नये. रॉक्सारसोन हे सेंद्रिय आर्सेनिक अमेरिकेत अनेक दशके कोंबडीच्या खाद्यात वापरले जात होते. ते दिलेल्या पक्ष्यांच्या यकृतात अधिक घातक असे असेंद्रिय आर्सेनिक आढळल्यावर २०११ मध्ये त्याची तेथील विक्री थांबवण्यात आली.

प्रमुख जीवनसत्त्वे

बंद शेडमधील पक्ष्याला ऊन नाही, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व खाद्यातूनच द्यावे लागते आणि तेही ड-३ स्वरूपात, कारण वनस्पतिज ड-२ कोंबडीला फारच कमी उपयोगी पडते. ‘अ’ जीवनसत्त्व श्वसनमार्ग व आतड्याचे अस्तर निरोगी ठेवते. रायबोफ्लेविनच्या उणिवेत पिलाची बोटे आत मुडपतात व ते घोट्यांवर बसते. नायसिन मक्यात असते, पण बांधलेल्या स्वरूपात. ब-१२ धान्यात नसतेच.

‘क’ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. कोंबडी ते स्वतःच्या वृक्कात तयार करते, म्हणून एरवी खाद्यातून त्याची गरज नसते. मात्र एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीजवळ जातो तेव्हा, धापा टाकणाऱ्या पक्ष्याला ते तयार करणे अपुरे पडू शकते. अशा वेळी थंड पाणी, हवा, क्षार व ‘क’ जीवनसत्त्व यांचा उपयोग होतो. आमलकीला येथे वाव आहे, पण त्या विशिष्ट स्थितीपुरता.

किमान गरज व प्रत्यक्ष मात्रा यांत मोठे अंतर आढळते. ‘अ’ जीवनसत्त्वाची तक्त्यातील गरज किलोमागे १५०० एकके आहे, व्यवहारात आठ ते बारा हजार घातली जातात. आजचा पक्षी त्या काळापेक्षा वेगाने वाढतो हे एक कारण. दुसरे कारण नासाडी. गोळी खाद्य बनवतानाची उष्णता, पावसाळी दमटपणा आणि एकाच पोत्यातील ताम्र-लोहाचे क्षार जीवनसत्त्वांचा नाश करतात. कोलीन क्लोराइड ओल शोषते, म्हणून ते जीवनसत्त्वांच्या प्रीमिक्समध्ये साठवू नये.

मांसात काय उतरते?

वैद्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. काही घटक खाद्यातून मांसात सहज उतरतात, काही उतरत नाहीत. ई जीवनसत्त्व व सेलेनियम वाढवले की मांसातही वाढतात. लोह, जस्त व ताम्र यांचे शोषण शरीर स्वतः नियंत्रित करते, त्यामुळे खाद्यात ते दुप्पट केले म्हणून मांसात दुप्पट होत नाहीत. जाहिरातीतील ‘लोहसमृद्ध चिकन’ अशा शब्दांकडे या दृष्टीने पाहावे.

ई जीवनसत्त्व किलोमागे शंभर-दोनशे मिलिग्रॅम दिल्यास मांसातील स्नेह उशिरा खवट होतो व साठवणीत पाणी कमी सुटते, असे आढळले आहे. समोर कापून त्याच दिवशी शिजणाऱ्या मांसात हा लाभ फारसा जाणवत नाही. शीतपेटीतून घरपोच येणाऱ्या पाकीटबंद मांसात तो महत्त्वाचा ठरतो आणि आपल्या गृहसंकुलांत हाच प्रकार वाढत आहे. अतिवेगाने वाढलेल्या पक्ष्याच्या छातीत कधी पांढरे पट्टे व लाकडासारखा ताठरपणा आढळतो. तो मुख्यतः वाढीच्या वेगाशी निगडित असल्याने केवळ सूक्ष्म घटक वाढवून नाहीसा होत नाही.

आता पांडुरोगाच्या रुग्णाचा विचार करू. शंभर ग्रॅम छातीच्या मांसात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते व ब-१२ ही अल्पच. तेवढ्याच यकृतात लोह सुमारे नऊ मिलिग्रॅम व ब-१२ सुमारे सोळा मायक्रोग्रॅम असते. म्हणून ‘चिकन खा, रक्त वाढेल’ हा सल्ला अपुरा आहे. परंतु यकृतातच ‘अ’ जीवनसत्त्वही साठते. शंभर ग्रॅममध्ये ते तीन हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रौढाच्या दैनंदिन कमाल मर्यादेइतके असते आणि खाद्यातील मात्रेनुसार कमीअधिक होते. अतिरिक्त ‘अ’ जीवनसत्त्व गर्भाला विकृती आणू शकते. म्हणून गर्भिणीला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, रक्तवाढीसाठी कलेजी खाण्याचा सल्ला देऊ नये. शरीरावयव व मात्रा ही चरकोक्त परीक्षा येथे अक्षरशः लागू पडते.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी

बाजारात ‘वनस्पतिज सेलेनियम’, ‘वनस्पतिज कोलीन’, ‘नैसर्गिक मिनरल मिक्श्चर’ अशी नावे दिसतात. येथे एक साधे तत्त्व ध्यानात ठेवावे: खनिज हे मूलद्रव्य आहे, कोणतीही वनस्पती ते निर्माण करू शकत नाही. मातीत असेल तेवढेच ती उचलते. म्हणून जस्त, मँगनीज किंवा सेलेनियम यांना वनस्पती हा ‘पर्याय’ होऊ शकत नाही. फार तर त्यांचे शोषण वा उपयोग सुधारण्यास ती साह्य करील, पण तेही सिद्ध करावे लागेल.

यकृतासाठीच्या योगांची स्थिती वेगळी आहे. पावसाळ्यात दमट मक्यावर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृत बिघडवते व स्नेहविद्राव्य जीवनसत्त्वांचे शोषण घटवते. भूम्यामलकी, कुटकी, कालमेघ, पुनर्नवा यांच्या योगांना येथे अर्थ आहे. मात्र मका वाळवणे व बुरशी टाळणे म्हणजेच निदानपरिवर्जन प्रथम, औषध नंतर.

आपले उत्पादन कुक्कुटपालकाच्या हाती देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्रत्येक घाणीतील जड धातू व खनिजांचे प्रमाण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावे. भस्मयुक्त योग असेल तर हे अनिवार्य समजावे, कारण जे यकृतात साठेल ते माणसाच्या ताटात येणार आहे.

२. एकाच दिवशी एकाच हॅचरीतून आलेली पिले चिठ्ठ्या टाकून गटांत विभागावी. प्रत्येक गटासाठी अनेक कप्पे ठेवावे, एका गटाला फक्त नेहमीचे खाद्य द्यावे. वजन, खाद्यखप, मर व लंगडेपणा यांची नोंद ठेवावी. एका शेडमध्ये औषध दिले व ‘माल चांगला निघाला’ हा पुरावा नव्हे.

३. हाडांविषयी दावा असेल तर पायाच्या नळीच्या हाडाची राख मोजावी. हाड स्नेहरहित करून वाळवतात, भट्टीत जाळतात व उरलेल्या राखेचे शेकडा प्रमाण काढतात. भस्मीकरणाची भट्टी ज्यांच्याकडे आहे त्यांना ही परीक्षा अवघड नाही आणि खनिजपोषणाची ती खात्रीची खूण मानली जाते.

४. रोगनिवारणाचा दावा केल्यास ते उत्पादन केवळ पूरक खाद्य राहत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत माणसांप्रमाणे पशूंसाठीची औषधेही येतात. लेबलवरील प्रत्येक शब्द त्या दृष्टीने तपासावा. कुक्कुट खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३७४ हे मानकही संग्रही असावे.

रुग्णाला काय सांगावे?

संहितेतील कुक्कुटमांसाचे गुण जसेच्या तसे ब्रॉयलरला चिकटवणे योग्य नव्हे. बालत्व, अल्प क्रिया व अगोचरभृतत्व हे तिन्ही मुद्दे त्याच्या विरुद्ध जातात. त्यामुळे वाजीकरण, राजयक्ष्मा, वातव्याधी अशा ठिकाणी औषध म्हणून मांसरस योजायचा असेल तर मोकळ्यावर हिंडणारी, वयाने पुरेशी झालेली व जिचे खाद्य माहीत आहे अशी देशी कोंबडी निवडावी.

याचा अर्थ ब्रॉयलर हे विष आहे असा नव्हे. तो सहज मिळणारा, परवडणारा प्रथिनांचा स्रोत आहे. ज्याचा अग्नी चांगला आहे त्याने त्वचा व दृश्य मेद काढून, नीट शिजवून, आले, मिरे, जिरे यांच्या संस्काराने, बेताच्या मात्रेत खाण्यास हरकत नाही. मंदाग्नी व स्थूल रुग्णाला, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याला, रोज व रात्री उशिरा ते देऊ नये. खाणाऱ्याची क्रियाही खाल्ल्या जाणाऱ्याइतकीच पाहावी लागते.

संप्रेरकाच्या खोट्या भीतीने रुग्णाला घाबरवणे आणि ‘कुक्कुट बल्य आहे’ म्हणून डोळे झाकून मुभा देणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. प्रतिजैविकांच्या अवशेषांविषयी, यकृतातील साठ्याविषयी व साठवणुकीविषयी नेमके सांगावे. त्यासाठी आपल्या भागातील दोन-चार शेड स्वतः पाहून यावीत, खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठी वाचावी, पालकाशी बोलावे. चर-परीक्षा ग्रंथात वाचून पूर्ण होत नाही. ती शेडच्या दारातून सुरू होते.